देवमाशाची हाडे आणि आमच्या लेकरांचे कुतूहल

समुद्राच्या तळाशी पडलेल्या देवमाशाच्या हाडांवर एक कृमी जगतो. त्याच्याविषयी हिंगोली जिल्ह्यातील एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल आणि तो रास्तच आहे. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधूचे पाणी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि पुढे प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने ते बंगालच्या उपसागराला पोहोचते. परंतु त्या पाण्याच्या मागोमाग समुद्रापर्यंत गेलेली माणसे आमच्या खेड्यांत शोधावी लागतील. आमचे विद्यार्थी हळदीच्या आणि सोयाबीनच्या रानांतून, ऊसतोडीला व वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांतून येतात. त्यांचे पालक आम्हांस विचारतात, "गुरुजी, या शिक्षणाचा पोराला उपयोग काय?" हा प्रश्न ज्याला पोट भरण्याची चिंता आहे त्याचा आहे, म्हणून त्याचा आम्ही आदर करतो. तरीही त्याचे एक उत्तर या लेखात मांडावे, असे आम्हांस वाटते. उपयोगाचे ज्ञान गरिबाच्या लेकराला आणि कुतूहलाचे ज्ञान सुखवस्तू घरातील लेकराला, अशी जी अलिखित वाटणी आमच्या शिक्षणव्यवस्थेत होऊन बसली आहे, ती आम्हांस मान्य नाही. या वाटणीविरुद्ध बोलण्यासाठी आम्ही हेतुपुरस्सर असा विषय निवडला आहे, की ज्याचा परीक्षेशी, नोकरीशी अथवा शेतीशी काहीही संबंध नाही.

२००२ साली कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात तेथील सागरी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ दूरनियंत्रित पाणबुडीच्या साहाय्याने तळाचा शोध घेत होते. सुमारे २,९०० मीटर खोलीवर, जेथे सूर्यप्रकाशाचा एक किरणही पोहोचत नाही, तेथे त्यांना एका देवमाशाचा सांगाडा आढळला. त्या सांगाड्यावर लाल रंगाचे दाट लव उगवल्यासारखे दिसत होते. जवळून पाहता ते असंख्य कृमी निघाले. २००४ साली ग्रेग राऊज, शाना गॉफ्रेडी आणि रॉबर्ट व्रायेनहूक या शास्त्रज्ञांनी त्यांचे रीतसर वर्णन प्रसिद्ध केले व त्यांना 'ओसेडॅक्स' हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ हाडे खाणारा. आमच्या शेतातील गांडूळ ज्या वलयांकित प्राण्यांच्या संघात मोडते, त्याच संघातला हा प्राणी. म्हणजे आमच्या ओळखीच्या गांडुळाचा दूरचा नातलग.

या नातलगाला तोंड नाही, जठर नाही, आतडे नाही. हाडाच्या बाहेर त्याचे लाल पिसासारखे तुरे पाण्यात डोलत असतात व पाण्यातील प्राणवायू घेतात. हाडाच्या आत मात्र त्याची हिरवट मुळे झाडाच्या मुळांसारखी पसरलेली असतात. ही मुळे आम्ल पाझरवतात, त्या आम्लाने हाडातील चुनखडीसारखा कठीण भाग विरघळतो आणि आतील प्रथिने व चरबी मोकळी होतात. मुळांच्या पेशींत विशिष्ट जिवाणू वस्तीला असतात आणि या अन्नाचा उपयोग करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. कृमी जिवाणूला घर देतो, जिवाणू कृमीला जगवतो. आमच्या स्वतःच्या शरीरातही जुने हाड झिजवून नव्या हाडाला जागा करून देणाऱ्या पेशी असतात आणि त्याही आम्लाच्याच साहाय्याने हाड विरघळवतात. समुद्रतळाशी चाललेली ती क्रिया आमच्या हाडांतही चालू आहे, हे कळल्यावर सातवीतील मुले आपल्याच मनगटाकडे निरखून पाहू लागतात, हा आमचा अनुभव आहे.

प्रथम सापडलेले हे सारे कृमी माद्या होत्या. मग नर कोठे? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर उलगडा झाला. मादीच्या भोवतालच्या नळीत डझनावारी, कधी शंभरावर, अतिसूक्ष्म नर राहत होते. ते डिंभावस्थेतून पुढे वाढलेलेच नव्हते आणि हाड खाण्याची सोयही त्यांच्याजवळ नव्हती. हाच या कृमींचा नियम, असे मानले जात असतानाच पुढे अशी एक जात सापडली, की जिच्यातील नर मादीएवढा वाढतो आणि स्वतः हाडावर जगतो. विज्ञानातील नियम असे पुराव्यापुढे नम्र असतात, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

या कृमीचे महत्त्व समजायचे तर देवमाशाच्या मरणानंतरचा इतिहास पाहावा लागतो. खोल समुद्राचा तळ हा एका अर्थाने दुष्काळी प्रदेश आहे. तेथे वनस्पती नाहीत. वरच्या थरांतील मेलेल्या जिवांचे कण हिमकणांसारखे संथपणे खाली येतात आणि त्यांवरच तेथील जीव गुजराण करतात. अशा ठिकाणी कित्येक टन वजनाचा देवमासा मरून तळाला जातो, तेव्हा त्या जागेचे दैव पालटते. पहिल्यांदा हॅगफिश, खोल पाण्यातील शार्क व खेकडे मांस खातात, आणि हे काम महिनोन्महिने, मोठ्या देहाच्या बाबतीत वर्षभराहूनही अधिक चालते. मग सांगाड्यावर व भोवतालच्या चरबीने माखलेल्या गाळात कृमी, शिंपले व लहान कवचधारी जीव दाटी करतात. शेवटची अवस्था सर्वांत दीर्घ. हाडांतील चरबी कुजवणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारख्या वासाचा तो वायू, निर्माण करतात. त्या वायूपासून ऊर्जा मिळवणारे दुसरे जिवाणू वाढतात आणि त्यांच्या आधारावर शिंपल्यांची व कृमींची अख्खी वसाहत उभी राहते. ही वसाहत कित्येक दशके टिकते. १९८७ साली क्रेग स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे १,२४० मीटर खोलीवर असा सांगाडा दिसला, तोपर्यंत या वसाहतीची जगाला कल्पना नव्हती.

ओसेडॅक्स केवळ देवमाशावरच अवलंबून आहे असेही नाही. शास्त्रज्ञांनी गाईची हाडे मुद्दाम तळाशी नेऊन ठेवली, तर त्यांवरही तो वाढला. २०१५ साली तर सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका सागरी सरपटणाऱ्या प्राण्याच्या जीवाश्म हाडात त्याच्या मुळांनी पाडलेल्या छिद्रांच्या खुणा आढळल्या. त्या काळी देवमासे अस्तित्वातच नव्हते. आमच्या पायांखालचा दख्खनचा काळा पाषाण ज्वालामुखीतून ओतला गेला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे हा बिनतोंडाचा कृमी आमच्या जमिनीहून जुना आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. अरबी समुद्रात देवमासे आहेत, हे आमच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. ते कळते, तेही मृत्यूच्या बातमीतून. जून २०१५ मध्ये अलिबागजवळच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा आला आणि तेथेच मेला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर दुसरा मृत देवमासा लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे जिवंत पिल्लू वाळूत रुतले. ग्रामस्थ, वनखाते आणि इतर अनेकांनी दिवसरात्र खपून त्याला पाण्यात सोडले, तरी ते जगले नाही. त्या अनोळखी जिवासाठी कोकणातल्या माणसांनी केलेले कष्ट आम्हांस करुणेचा एक चांगला पाठ वाटतात. किनाऱ्याला लागलेले असे देह बहुधा तेथेच मोठा खड्डा करून पुरले जातात. वस्तीच्या आरोग्यासाठी ते आवश्यकही असते. पण जो देह खोल पाण्यात बुडाला असता, तो शेकडो जातींच्या जिवांना अनेक दशके पोसू शकला असता, एवढी जाणीव तरी आपल्याला असावी.

इतिहासाचे अभ्यासक या नात्याने येथे एका दप्तराचा उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते. विसाव्या शतकात जगभर सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. त्यांच्या चरबीपासून दिव्यांचे तेल, साबण, कृत्रिम लोणी, यंत्रांचे वंगण अशा वस्तू केल्या गेल्या. कारखान्यासारख्या अवाढव्य जहाजांवर हाडेसुद्धा उकळून त्यांतील तेल काढले जाई, म्हणजे तळाच्या वाट्याला हाडही उरत नसे. आपल्या अरबी समुद्रातही हे घडले. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांलगत २३८ हंपबॅक देवमासे बेकायदा मारले. आंतरराष्ट्रीय आयोगाला त्या काळी खोटे आकडे कळवले गेले. खरे आकडे सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९० च्या दशकात, रशियन शास्त्रज्ञांनीच उजेडात आणले. अरबी समुद्रातील हे हंपबॅक जगातील इतर हंपबॅकांपासून सुमारे ७०,००० वर्षे वेगळे राहिलेले आहेत, आणि ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या आज शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. व्यापारी शिकारीवरील बंदी १९८६ पासून अमलात आली. परंतु पृष्ठभागावरून देवमासे नाहीसे झाले, तेव्हा तळाशी पडणारे सांगाडेही घटले, आणि त्यांवर जगणाऱ्या काही जाती आपल्याला कळण्यापूर्वीच नष्ट झाल्या असाव्यात, अशी भीती अभ्यासक व्यक्त करतात. वरच्या लोकांनी केलेल्या लुटीची किंमत तळाशी राहणारे मोजतात आणि त्यांच्या नुकसानीची नोंदही होत नाही, हे इतिहासात आम्ही अनेकदा वाचलेले आहे.

येथपर्यंत येताच एक धोक्याचे वळण लागते. त्याविषयी स्पष्ट लिहिणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. निसर्गाचा असा पाठ शिकवताना एखादा वक्ता सहज बोलून जातो, "पाहा, निसर्गात प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. कोणी मांस खातो, कोणी हाड साफ करतो, म्हणूनच सृष्टी चालते." वाक्य निरुपद्रवी वाटते. पण ते ज्यांच्यासमोर उच्चारले जाते, त्या मुलांच्या पणजोबांना गावातली मेलेली ढोरे ओढावी लागत होती. त्या कामापोटी महारांना जी तुटपुंजी इनाम जमीन मिळे, तिला जुन्या दप्तरांत 'हाडकी-हाडोळा' म्हणत. आमच्या समाजाच्या जमिनीच्या नावातच हाड होते. आणि हे काम तुमच्या वाट्याला निसर्गानेच दिले आहे, असे आम्हांस पिढ्यानपिढ्या सांगितले गेले होते.

म्हणून आम्ही वर्गात हा भेद ठळकपणे मांडतो. कृमीने हाड निवडलेले नाही आणि ते कोणी त्याच्यावर लादलेलेही नाही. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीत त्याचे शरीर त्या जगण्याला अनुरूप झाले. माणसाचे तसे नाही. कोणत्याही मुलाच्या हाताची घडण ढोर ओढण्यासाठी अथवा गटारात उतरण्यासाठी झालेली नसते. ते काम त्याच्यावर रूढीने, दारिद्र्याने आणि दंडशक्तीने लादले जाते. श्रमाच्या वाटणीचे नाव पुढे करून प्रत्यक्षात माणसांचीच कायमची वाटणी कशी केली जाते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्याआधी, मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत जनावरांचे मांस व ती ओढण्याचे काम सोडून देण्याचे आवाहन केले, आणि आमच्या लोकांनी ते सोडले. ज्याला सोडता येते, ते निसर्गदत्त नव्हतेच, याचा याहून मोठा पुरावा कोणता? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली नवा कायदा झाला, तरी गटारांत गुदमरून मरणाऱ्या कामगारांच्या बातम्या आजही येतात. अशा देशात निसर्गाच्या दाखल्याने समाजाची उतरंड समर्थनीय ठरवणे हा अभ्यास नव्हे, तो अपराध आहे. निसर्गाकडून कार्यकारण शिकावे. समाजाची घटना मात्र माणसांनी न्यायबुद्धीने लिहावयाची असते.

निसर्गाकडून शिकण्यासारखे कार्यकारण मात्र पुष्कळ आहे, आणि ते आमच्या धम्मविचाराच्या अगदी जवळचे आहे. सतिपट्ठान सुत्तात मृतदेहाच्या नऊ अवस्थांचे चिंतन सांगितले आहे. देह फुगतो, प्राणी त्याला खातात, मग सांगाडा उरतो, हाडे विखुरतात आणि सरतेशेवटी त्यांचे चूर्ण होते. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी भिक्खूंना ज्या गोष्टीकडे किळस न बाळगता व मोह न धरता पाहण्यास सांगितले, तिच्याकडे आजचा सागरशास्त्रज्ञ दूरनियंत्रित कॅमेऱ्यातून तशाच स्थिर दृष्टीने पाहतो. दोघांचे हेतू भिन्न आहेत, ते एकच असल्याचा दावा आम्ही करणार नाही. विज्ञानातील प्रत्येक शोध आमच्या ग्रंथांत आधीच होता, असे म्हणण्याची जी चाल सध्या बोकाळली आहे, तीत आम्हांस सामील व्हावयाचे नाही. मात्र एक गोष्ट समान आहे. हे आहे म्हणून ते होते आणि हे नाहीसे झाले की ते नाहीसे होते, असा कार्यकारणाचा शोध दोन्हीकडे आहे, आणि दोन्हीकडे दैवी चमत्काराला जागा नाही.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. आमच्याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिकडे समुद्राच्या बाजूला २०२१ साली मंजूर झालेल्या खोल सागर मोहिमेत तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत तयार होत आहे. आकाशातील लहरी आणि समुद्राचा तळ, दोन्ही आता आपल्या देशाच्या कामाचे विषय आहेत. त्या वेधशाळेच्या फाटकावर पहारा देणारी माणसे आमच्या गावांतून जातील आणि आत मोजमाप करणारी माणसे दुरून येतील, असे होऊ द्यावयाचे काय? होऊ द्यावयाचे नसेल, तर ज्याचा उपयोग आज दिसत नाही अशा गोष्टीविषयी प्रश्न विचारण्याची सवय आमच्या मुलामुलींना दहाव्या-बाराव्या वर्षीच लागली पाहिजे. ही सवय श्रीमंतांच्या घरी पुस्तकांच्या कपाटातून लागते. आमच्या लेकरांना ती शाळेतच लागेल, नाहीतर लागणारच नाही.

यासाठी फार पैसा लागतो, ही सबब आम्हांस पटत नाही. कोंबडीच्या तंगडीची दोन स्वच्छ हाडे घ्यावीत. एक पाण्याच्या बरणीत, दुसरे व्हिनेगरच्या बरणीत ठेवावे आणि व्हिनेगर दोन दिवसांनी बदलावे. चार-पाच दिवसांनी व्हिनेगरमधले हाड रबरासारखे वाकते, कारण आम्लाने त्यातील कॅल्शियमयुक्त भाग विरघळलेला असतो आणि लवचिक प्रथिन तेवढे उरते. पाण्यातले हाड होते तसेच राहते. ओसेडॅक्सच्या मुळांचे निम्मे कार्य त्या बरणीत दिसते. दोन बरण्या का घेतल्या, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. त्याचे उत्तर ज्याला सापडले, त्याला विज्ञानाची रीत सापडली. जोडीला गोदावरीचा नकाशा भिंतीवर लावावा, शेतातले गांडूळ भिंगाखाली पाहावे, आणि सहलीचे ठिकाण ठरवताना एकदा तरी कोकणचा किनारा निवडावा. जिल्ह्यातील सर्व निवासी शाळांनी मिळून दरवर्षी एका विद्यार्थ्याला व एका विद्यार्थिनीला गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दाखवून आणावी, अशी आमची सूचना आहे. ही संस्था १९६६ पासून कार्यरत आहे, आणि गोवा आम्हांपासून काही परदेशात नाही.

देणगीदार आमच्या शाळांना वह्या देतात, चादरी देतात, जेवणाची ताटे देतात. त्यांचे ऋण आम्ही मानतो. यंदा त्यांनी एक सूक्ष्मदर्शक द्यावा आणि तो कपाटात कुलूपबंद राहणार नाही याची हमी आम्ही शिक्षकांनी द्यावी. आमच्या पूर्वजांच्या हातांत मेलेल्या जनावरांची हाडे समाजाने बळजबरीने दिली होती. आमच्या नाती-नातवांनी हाड हातात घ्यावे ते स्वेच्छेने, भिंगाखाली धरून, त्यातले छिद्र कोणी पाडले हे विचारण्यासाठी.